गावच्या तलावाचा वर्षभर अभ्यास कसा करायचा: मोजपट्टीपासून ग्रामसभेपर्यंत

पैठणला जायकवाडी धरणात पाणी किती टक्के झालं ते आपल्याला पावसाळ्यात रोज मोबाईलवर कळतं, आवक किती, विसर्ग किती, किती दरवाजे किती फुटानं उचलले, सगळं. गावच्या तलावात किती पाणी आहे विचारा, "हाय की निम्मा" एवढंच उत्तर मिळतं. आणि खरं सांगायचं तर आपल्या जनावरांना, खालच्या विहिरींना, भोई लोकांच्या जाळ्याला लागणारं पाणी त्या निम्म्यातच असतं.

पाणथळ जागा म्हटलं की नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, आठवणारच, ५५ किलोमीटर लांब, २७ किलोमीटरपर्यंत रुंद, १९८६ पासून पक्षी अभयारण्य. त्याच्यावर लक्ष ठेवायला खाती आहेत, अधिकारी आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत. पण मराठवाड्यात गावागावाला जे पाझर तलाव, साठवण तलाव, गावतळी आहेत, त्यातले कितीतरी ७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर आपल्याच आजी-आजोबांनी पाट्या उचलून बांधलेले, त्यांची नोंद कुणाकडेच धड नाही. पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही चार-पाच मोठ्या पावसात पडून जाणार, त्यामुळं हे तलाव सप्टेंबरात तुडुंब आणि मे मध्ये भेगाळलेले. वर्षाच्या आत पूर्ण रूप बदलणारी अशी जागा एकदा जाऊन बघून कळत नाही, वर्षभर एकाच जागी उभं राहून मोजावी लागते. आम्ही आमच्या तलावावर हे केलं, चुकलो, परत केलं, त्यातून जे जमलं ते इथं सविस्तर लिहितोय. दोन-तीन माणसं, एक वही आणि महिन्यातले दोन दिवस एवढं असलं तर कुणालाही जमेल.

आधी कागद

तलाव कुणाचा आहे हे पहिल्यांदा शोधा. ऐकायला सोपं वाटतं, पण गावात चार लोक चार नावं सांगतात. ग्रामपंचायतीचा असू शकतो, जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनचा, मृद व जलसंधारण खात्याचा, जलसंपदाचा, किंवा वन खात्याच्या हद्दीतला. तलाठ्याकडून गाव नकाशा आणि बुडीत क्षेत्रातल्या गटांचे सातबारे काढा, आणि ज्या खात्याचा निघेल तिथं तलावाचा मूळ आराखडा मागा: सांडव्याची (तलाव भरल्यावर जादा पाणी वाहून जातं त्या वाटेची) उंची, साठवण क्षमता, बुडीत क्षेत्र किती हेक्टर. तोंडी मागून मिळाला नाही तर माहिती अधिकारात साधा अर्ज करा. मासेमारीचा ठेका कुणाकडं आहे, गाळपेर जमीन (पाणी उतरल्यावर मोकळी होते ती) भाडेपट्ट्यानं दिलीय का, हेही त्याच अर्जात विचारून घ्या.

इथंच कायद्याची एक गोष्ट समजून घ्या कारण बऱ्याच जणांचा इथं गैरसमज असतो. २०१७ चे पाणथळ जागा संवर्धनाचे नियम आहेत, पण त्यांच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलसाठे वगळलेत. म्हणजे आपल्याकडचे बहुतेक तलाव या नियमांत बसत नाहीत. कुणी भराव टाकला, अतिक्रमण केलं तर "पाणथळ नियम" म्हणून ओरडून फार उपयोग होत नाही. उपयोग होतो तो महसूल नोंदीचा, ग्रामसभेच्या ठरावाचा, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला पाहिजे त्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा. ही समिती बऱ्याच गावात कागदावर असते, गावातल्या झाडं-प्राण्यांची लोकजैवविविधता नोंदवही पण कुठंतरी कपाटात असते. ती बाहेर काढा, वाचा, तुमच्या वर्षभराच्या नोंदी शेवटी तिच्यातच जायच्यात. तुमची जागा नाथसागराच्या काठावर, अभयारण्याच्या हद्दीत असेल तर मात्र कुठलंही काम, अगदी ड्रोन उडवायचा असला तरी, वन्यजीव विभागाची परवानगी घेतल्याशिवाय करू नका.

नकाशा, घरबसल्या आणि पायी

गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं मागं-पुढं करून बघता येतात, ते आधी करा. त्याहून कामाचा सेंटिनेल-२ उपग्रह, याची चित्रं फुकट मिळतात, दर ५ दिवसाला नवीन, आणि १० मीटरचा एक ठिपका, म्हणजे ५-६ हेक्टरचा तलावही नीट दिसतो. कोपर्निकस ब्राउझर नावाच्या वेबसाईटवर खातं उघडायचं, आपला तलाव शोधायचा आणि पाण्याचा निर्देशांक निवडायचा, पाणी वेगळ्या रंगात उठून दिसतं. पावसाळ्यात ढगामुळं महिना-महिना काही मिळत नाही, पण ऑक्टोबर ते मे स्वच्छ. दरवर्षीच्या ऑक्टोबरच्या मध्याचं आणि मार्चच्या मध्याचं अशी दोन-दोन चित्रं साठवून ठेवा, पाच-सहा वर्षांची शेजारी शेजारी ठेवली की कोणत्या वर्षी तलाव लवकर आटला ते लगेच कळतं.

पण नुसतं स्क्रीनवर बघून थांबू नका. उपग्रहाला बेशरमाचं रान आणि ओला काठ यातला फरक कळत नाही, जलपर्णीखालचं पाणी तर दिसतच नाही. तलावाला पूर्ण फेरी मारा, पायी, आणि सोबत गावातलं जुनं माणूस घ्या. ओढे कुठून येतात, कुठल्या ओढ्यात गावाचं सांडपाणी मिसळतं, झरे कुठं होते, जनावरं कुठून उतरतात, मोटारी किती आणि कुणाच्या, सगळं हातानं काढलेल्या नकाशावर मांडा. आमच्या सोबत एक म्हातारे भोई मामा होते, त्यांनी फेरीत तीन जागा दाखवल्या जिथं मे मध्येही ओल राहते. "पाणी उतरलं की मला आधी पाय सांगतेत, मग डोळे," असं म्हणाले. त्या तिन्ही जागा आमच्या उपग्रहाच्या चित्रात कुठंच नव्हत्या.

मोजपट्टी

हे काम सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथं घाई करू नका.

पाण्याची पातळी नेहमी एका पक्क्या खुणेपासून मोजायची. सगळ्यात चांगली खूण म्हणजे सांडव्याचा माथा, तो काँक्रीटचा किंवा दगडाचा असतो, हलत नाही. त्याच्यावर ऑईलपेंटनं फुली मारा. मे अखेरीस तलाव तळाला गेला की काठापासून खोल भागापर्यंत उतारावर तीन-चार खांब रोवा, सिमेंटचे किंवा लोखंडी अँगल, आणि प्रत्येकावर दर ५ सेंटिमीटरला खूण करा. एकच उंच खांब चालत नाही, कारण पाणी काठापासून मागं सरकत जातं आणि मग खांबापर्यंत जायला चिखल तुडवावा लागतो, माणूस एकदा कंटाळला की मोजणं बंद. खांबांची एकमेकांशी उंची जुळवायला महागडं यंत्र नको, गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी पुरते. नळीत बुडबुडा राहू देऊ नका आणि प्रत्येक जोडी दोनदा तपासा.

आमची पहिली मोठी चूक इथं झाली. आम्ही खांब गाळात रोवला, ऑगस्टमध्ये पाणी चढल्यावर तो कलला आणि खाली बसला, आम्हाला दिसलंच नाही. चार महिन्यांचे आकडे फेकून द्यावे लागले, आणि ते परत मिळत नाहीत, त्या पावसाळ्याची आमच्याकडे नोंदच नाही. म्हणून खांब मुरूम लागेपर्यंत खोल न्या, बुडाला काँक्रीट घाला, आणि दरवर्षी जूनच्या आधी सांडव्याच्या फुलीपासून परत लेव्हल तपासा.

मोजायचं दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला, सकाळी वारं सुटायच्या आधी. वारं असलं की लाटेमुळं एका काठाला पातळी जास्त दिसते. वहीत तारीख, वेळ, पातळी, मोजणाऱ्याचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात काहीही वेगळं दिसलं ते: मोटार नवीन बसली, ओढा वाहिला, मासे मेले. हा शेवटचा रकाना पुढं सगळ्यात जास्त कामाला येतो.

पाऊस मोजायला महसूल मंडळाचा आकडा घेऊ नका, घेतलाच तर तुलनेपुरता घ्या. आपल्याकडं बांधाच्या अलीकडं पडतो आणि पलीकडं कोरडं राहतं. सरळ भिंतीची प्लास्टिकची बरणी उघड्यावर, झाडाच्या आणि छपराच्या लांब, कंबरेच्या उंचीला घट्ट बसवा, रोज सकाळी ८ ला आतल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा आणि ओतून द्या.

पाणी जातं कुठं

आता खरा हिशोब. तलाव उतरतो तेव्हा पाणी तीन वाटांनी जातं: उन्हानं उडतं, जमिनीत मुरतं, मोटारीनं उपसलं जातं. तिन्ही वेगळे काढल्याशिवाय गावात भांडण मिटत नाही, कारण मोटारवाला म्हणतो उन्हानं गेलं आणि खालचा विहिरवाला म्हणतो तुम्ही उपसलं.

पहिलं, पातळी आणि क्षेत्र यांचा तक्ता बनवा. पातळी मोजायच्या दिवशीच मोबाईलवर क्षेत्र मोजायचं ॲप चालू करून पाण्याच्या काठाकाठानं चालत फेरी मारायची. तीन मीटर पातळीला १८ हेक्टर, अडीच मीटरला १४ हेक्टर, असं करत वर्षात तक्ता पूर्ण होतो. समजा पाणी ३ मीटरवरून अडीचवर आलं, तर सरासरी क्षेत्र १६ हेक्टर, गुणिले अर्धा मीटर, म्हणजे ८०,००० घनमीटर, आपल्या भाषेत ८ कोटी लिटर पाणी गेलं. हा आकडा पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा आम्ही तिघंही गप्प बसलो होतो.

दुसरं, बाष्पीभवन. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान वेधशाळेत बाष्पीभवन पात्राची नोंद होते, तुमच्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारा. पात्रातलं पाणी तापून जास्त उडतं, म्हणून त्या आकड्याला साधारण ०.७ नं गुणलं की तलावाचा अंदाज येतो. आपल्याकडं ढोबळमानानं हिवाळ्यात दिवसाला ३-४ मिलिमीटर, मे मध्ये ८-९. लहान वाटतं, पण १० हेक्टर पाण्यावरून ८ मिलिमीटर म्हणजे दिवसाला ८ लाख लिटर, दहा हजारी ८० टँकर. उन्हाळ्यात उथळ पसरलेलं पाणी का टिकत नाही ते यावरून कळेल.

तिसरं, मुरणं आणि उपसा वेगळं करणं. याला एक साधी युक्ती आहे आणि ती आम्हाला अपघातानं सापडली. फेब्रुवारीत आमच्या तलावावरचा डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाला, आठवडाभर मोटारी बंद. आम्ही त्या दिवसांत रोज सकाळी पातळी घेतली. मोटारी बंद असताना जी घट येते ती उन्हाची आणि मुरण्याची, त्यातून बाष्पीभवन वजा केलं की मुरण्याचा आकडा हातात. मग मोटारी सुरू झाल्यावर परत आठवडाभर रोज मोजलं, जो फरक आला तो उपसा. डीपी जळायची वाट बघू नका, थ्री फेज लाईटच्या पाळ्या, लोडशेडिंग, गावात लग्नसराई असताना बंद राहिलेल्या मोटारी, कुठलीही चार-पाच सलग दिवसांची सुट्टी चालते. फक्त त्या दिवसात पाऊस नको आणि वर्षातून दोनदा तरी करा, एकदा तलाव भरलेला असताना, एकदा उतरल्यावर, कारण भरल्या तलावातून पाणी जास्त मुरतं.

यासोबत भिंतीच्या खालच्या ८-१० विहिरी मोजा. कठड्यावर एक खूण, तिथून दोरीला वजन बांधून पाण्यापर्यंत किती मीटर. पहाटे, मोटार लावायच्या आधी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, तुम्ही निदान तेवढ्या वेळा तरी मोजा, जमलं तर दर महिन्याला. काळ्या खडकाचा प्रदेश आपला, पाणी भेगा सापडेल तसं जातं, त्यामुळं भिंतीला लागून असलेली विहीर कोरडी आणि अर्धा किलोमीटरवरची भरलेली, असं होतं. अंदाज बांधू नका, मोजा. पाझर तलाव बांधला तोच मुळात खालच्या विहिरींसाठी, त्यामुळं त्याचा फायदा तलावात दिसत नाही, विहिरीत दिसतो.

पक्षी

पक्षी मोजणं शौक म्हणून करतात लोक, चांगलंच आहे, पण अभ्यासाला त्याचा फार उपयोग होतो कारण पाण्याची खोली, मासा, चिखल, गवत यांची खबर पक्षी देतात. शेकाट्या घोट्याएवढ्या पाण्यात, चमच्या गुडघ्याएवढ्या पाण्यात चोच फिरवणार, थापट्या आणि तलवार बदक उथळ पण पसरट पाण्यावर, वारकरी आणि टिबुकल्या बुडी मारता येईल तिथं, पाणकावळे मासा असेल तिथं, कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी झाडोऱ्यात. एखाद्या वर्षी शेकाटे गेले आणि पाणकोंबड्या वाढल्या तर समजा काठ गवतानं भरत चाललाय.

पद्धत अशी: काठावर तीन-चार जागा पक्क्या करा जिथून सगळं पाणी दिसतं आणि सकाळी सूर्य पाठीमागं असतो. उजाडल्यापासून दोन तासांच्या आत, प्रत्येक जागी १५ मिनिटं. मोठ्या थव्यात आधी १० पक्षी मोजा, ते केवढी जागा व्यापतात ते डोळ्यात बसवा आणि मग तेवढे गठ्ठे मोजत जा. ओळख पटली नाही तर "बदक, ओळखलं नाही" असं लिहा, अंदाजानं नाव ठोकू नका. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा, शून्यही नोंद आहे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाईटवर यादी टाकली की ती कायमची राहते आणि इतरांनाही वापरता येते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून दरवर्षी चालते, तिच्यात तुमचा तलाव घाला. पट्टकादंबाच्या गळ्यात किंवा पायात रंगीत पट्टी दिसली तर त्यावरचा क्रमांक आणि फोटो बीएनएचएसकडं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पाठवा, हे पक्षी हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडून आलेले असतात.

थंडी संपली की बरेच जण मोजणं सोडतात. ती चूक आहे. मार्च ते मे या काळात नदी सुरय उघड्या बेटावर, मातीत नुसता खळगा करून अंडी घालतात, टिटव्याही काठाला. पाणी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री सरळ चालत जातात. म्हणून कोणत्या पातळीला बेट जोडलं जातं तो आकडा तुमच्या मोजपट्टीवर वेगळ्या रंगानं लिहून ठेवा. आमच्याकडं त्या पातळीच्या वर पाणी असताना पिल्लं उडाली, खाली गेल्यावर एकही वाचलं नाही.

मासे, पाणी, झाडोरा

मासेमारीची नोंद मच्छीमार सोसायटीला विश्वासात घेतल्याशिवाय होणार नाही, आणि घेतलं पाहिजे कारण त्यांचं पोट आहे त्यावर. आठवड्यातून एकदा, जाळं काठाला येतं तेव्हा: कोणता मासा किती किलो, सगळ्यात मोठा केवढा, किती जाळी लावली, जाळीच्या भोकात किती बोटं जातात. रोहू, कटला, मृगळ तळ्याच्या थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांची बोटुकली दरवर्षी सोडावी लागते, चिलापी मात्र आपोआप वाढत राहते. त्यामुळं मालात चिलापीचा वाटा वाढत असेल आणि मरळ, शिंगाडा, वांब असा गावठी मासा कमी होत असेल तर ते आकड्यात दिसलं पाहिजे. आफ्रिकन मांगूरवर बंदी आहे, कुणी सोडत असेल तर थांबवा, तो बाकी सगळं खाऊन टाकतो.

पाण्याच्या तपासणीवर मी फार लिहीत नाही. ग्रामपंचायतीकडं जलजीवन मिशनचं तपासणी किट असतं आणि गावातल्या काही महिलांना ते वापरायचं शिक्षणही दिलेलं असतं, त्या काकू-ताईंना सोबत घ्या, त्यांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं. आम्ल-क्षार, क्षारांचं प्रमाण, नायट्रेट एवढं महिन्यातून एकदा बघा. गढूळपणा मोजायला २० सेंटिमीटरची गोल पत्र्याची थाळी घ्या, चार भाग करून आळीपाळीनं काळे-पांढरे रंगवा, खूण केलेल्या दोरीनं पाण्यात सोडा, दिसेनाशी होते ती खोली लिहा. ढगाळ दिवसात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर पाण्यातला प्राणवायू संपलाय, त्या दिवशी ओढ्यातून काय आलं ते शोधा.

झाडोऱ्यात दोन शत्रू. बेशरम कांडीपासून फुटतं, त्यामुळं तोडून पाण्यात फेकलं की शंभर ठिकाणी उगवतं. मे मध्ये मुळासकट काढा, काठापासून लांब नेऊन पूर्ण वाळवा. जलपर्णी पहिल्या चार टोपल्या असतानाच हातानं काढा, फुलायच्या आत, कारण तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पाणकणीस मात्र सगळं उपटू नका, सांडपाण्याच्या ओढ्याच्या तोंडाशी त्याचा पट्टा असला तर घाण अडते, पक्षी घरटी करतात.

गाळ आणि गाळपेर

गाळ काढायची आपल्याकडं लाट येते, जेसीबी, डंपर, फोटो. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनाही आहे आणि तिचा फायदा घ्यावाच. पण आधी मोजा. उन्हाळ्यात कोरड्या तळावर दर २५ मीटरला लोखंडी सळई दाबा, कठीण लागेपर्यंत किती आत गेली ते लिहा, गाळ कुठं किती आहे त्याचा नकाशा तयार होतो. मग फक्त गाळ काढा, खालचा मुरूम नाही. भिंतीच्या बुडाजवळ अजिबात खोदू नका, भिंतीला धोका होतो. आणि सगळा तलाव खड्ड्यासारखा उभ्या कडांचा करू नका: एक बाजू उताराची, उथळ ठेवा, तिथंच जनावरं सुखरूप उतरतात, माशांची पिल्लं वाढतात आणि पाणपक्षी चरतात. बेट असलं तर राहू द्या. गाळ हलक्या, मुरमाड रानात टाका, तिथं तो सोनं आहे. आधीच भारी काळं रान असेल तिथं टाकला तर निचरा आणखी बिघडतो, फुकट मिळतोय म्हणून टाकू नका.

गाळपेर हा नाजूक विषय आहे. पाणी उतरेल तसं मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर हरभरा, ज्वारी, टरबूज, चारा घेणारी माणसं बहुतेक वेळा ज्यांची जमीन धरणात गेली किंवा मुळात कमी होती तीच असतात, त्यांना शत्रू करून काही साध्य होत नाही. त्यांच्याशी बसून एवढंच ठरवा: नांगरट उताराला आडवी करायची म्हणजे पहिल्या पावसात माती परत तलावात येत नाही, पाण्याच्या कडेला १५-२० मीटरचा गवताचा पट्टा न नांगरता सोडायचा, तणनाशक अजिबात नाही, आणि फवारणीचे डबे पाण्यात धुवायचे नाहीत. आमच्याकडं पहिल्या वर्षी दोघांनी ऐकलं, दुसऱ्या वर्षी त्यांच्या म्हशींना उन्हाळ्यात त्या पट्ट्यातलं गवत मिळालं तेव्हा बाकीच्यांनीही सोडला.

ग्रामसभेत काय मांडायचं

नाथसागराच्या पाण्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाड्यात इतकी वर्षं वाद चालला, तो शेवटी आला एका तारखेवर आणि एका तक्त्यावर: २०१४ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरचा साठा बघायचा, जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असला तर वरच्या धरणातून पाणी सोडायचं. त्याच्यावर अजूनही भांडणं होतात, पण निदान भांडायला एक आकडा आहे. गावच्या तलावालाही तोच लागतो.

म्हणून तुमचं वर्षाचं काम ग्रामसभेत मांडताना भाषण करू नका. एका मोठ्या कागदावर तीन गोष्टी काढा. १५ ऑक्टोबरला तलावात किती पाणी होतं. तिथून जूनपर्यंत ऊन किती नेतं, किती मुरतं. गावच्या जनावरांना आणि पिण्याच्या विहिरींना किती लागतं. उरलं ते मोटारींना. हा कागद ग्रामसभेच्या आठ दिवस आधी मंदिरापाशी, डेअरीवर, किराणा दुकानावर लावा, लोकांना वाद घालू द्या, चुका काढू द्या. आमच्या कागदात एका शेतकऱ्यानं दोन मोटारी कमी धरल्याचं दाखवून दिलं, त्यातली एक त्याचीच होती.

ठराव छोटा असावा आणि मोजपट्टीवर बोट ठेवून सांगता येईल असा: पाणी अमुक खुणेवर आलं की मोटारी बंद. ती खूण खांबावर लाल रंगानं मारा, तलावावरून जाणाऱ्या शाळेच्या पोरालाही दिसली पाहिजे. बागायतदाराला ऑक्टोबरातच कळलं की फेब्रुवारीनंतर पाणी नाही तर तो ऊस लावायच्या आधी विचार करतो, जानेवारीत सांगितलं तर पीक उभं असतं आणि माणूस अडतो, त्याची चूक नसते. म्हणून बैठक ऑक्टोबर अखेरीलाच घ्या, दरवर्षी. ठरावाची प्रत तहसीलला, ज्या खात्याचा तलाव आहे तिथं आणि जैवविविधता समितीच्या नोंदवहीत.

लाल खूण पहिल्या वर्षी कदाचित चुकेल. आमची अर्ध्या मीटरनं चुकली, मे च्या तिसऱ्या आठवड्यात तळ दिसला आणि जनावरांना टँकर लावावा लागला. दुसऱ्या वर्षी ती वर घेतली, तेव्हा सगळ्यात जास्त मोटारी असलेल्या आबांनीच सभेत हात वर केला. आता दर जूनच्या आधी आम्ही खांब धुतो, लेव्हल नळी लावून फुलीपासून परत तपासतो, पुसट झालेल्या खुणा रंगवतो आणि नवीन वहीच्या पहिल्या पानावर मागच्या वर्षीचे सगळ्यात खालचे आणि सगळ्यात वरचे आकडे उतरवून ठेवतो.